डोळे शार्प आहेत, पण काका कुठे गेले?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही रडगाणं गायला.

गेल्या रविवारी जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये गेलो होतो. एका दुकानात दोन तास बसलो. तांबट काका सत्तरीच्या पुढचे. मांडीत तांब्याचं घंगाळ घेऊन मठारत होते. एकेक ठोका आधीच्या ठोक्याला खेटून, पट्टी लावून आखल्यासारखा. चहा झाला, "कोणाचा रे तू?" झालं, माझ्या आजोबांनी कुठल्या साली बंब नेला होता तेही त्यांनी अंदाजाने सांगून टाकलं. बोलता बोलता असे काही टोले हाणत होते की माझा चहा सांडला.

मग म्हटलं, काका, एक फोटो काढू? म्हणाले, काढ. चष्म्यावर ट्यूबलाइट चमकत होती म्हणून चष्मा काढायला लावला. मी दारात उभा राहिलो. ८५ मिमीची लेन्स, एफ १.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र चांगलंच उघडं), शटर १/२००, आयएसओ १६००, अंतर दीड मीटर असेल. कॅमेऱ्याने लगेच डोळा पकडला, हिरवी चौकट बुबुळावर चिकटून बसली ती हलेना.

घरी येऊन शंभर टक्के झूम केलं. पापण्यांचे केस मोजून घ्या. भुवईतला एक पांढरा केस उलटा वळलाय, तोही दिसतो. आणि तरी फोटो मेलेला आहे. बायको म्हणाली, "आधार कार्डासाठी काढलाय का?" आईने जरा जास्त वेळ बघितलं आणि विचारलं, "यांना बरं नव्हतं का रे?"

दोन तास ज्या माणसाने मला हसवलं तो या फोटोत नाहीच. पोर्ट्रेटमध्ये डोळे शार्प हवेत हे पहिल्या दिवसापासून ऐकतोय. आहेत की शार्प! मग काय चुकलं? झोडपा, पण उपायही सांगा.

एफ_अडीच

पहिला मी. रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर.

एकच निरीक्षण: ८५ ला दीड मीटरवरून एफ १.८ म्हणजे फोकसची खोली (जेवढ्या पट्ट्यातलं स्पष्ट येतं ती) सगळी मिळून साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. काकांचा चेहरा थोडा तिरका आहे, त्यामुळे जवळचा डोळा कडक आणि लांबचा लोण्यासारखा. बघणारा दोन्ही डोळ्यांत बघायला जातो आणि एकातून घसरतो. चेहरा तिरका असेल तर छिद्र लहान करा, एफ ४ पर्यंत तरी जा. मागचं दुकान पुसून टाकायची एवढी हौस कशाला? तांबटाच्या मागे तांब्याची भांडीच असणार ना, ती दिसली तर काय बिघडलं?

मिसळ_जास्त_तर्री

आमच्याकडे जुना डीएसएलआर आहे. डोळा-बिळा काही पकडत नाही. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस करतो, बटण अर्धं दाबून धरतो आणि मग फ्रेम जुळवतो. निम्म्या फोटोंत कान शार्प आणि डोळा मऊ. लेन्स बदलू का?

एफ_अडीच

@मिसळ, लेन्स राहू द्या, पैसे वाचवा. भूमिती आहे ती. फोकस होतो तो एका सपाट पातळीवर, आणि कॅमेरा वळवला की ती पातळीही वळते. एक मीटरवरून फोकस करून कॅमेरा १५ अंश फिरवलात तर डोळा त्या पातळीच्या साधारण साडेतीन सेंटिमीटर पुढे राहतो. म्हणजे फोकस गेला कानावर. क्रॉप सेन्सरवर (म्हणजे छोट्या सेन्सरवर) ५० मिमी, एफ १.८, एक मीटर या हिशोबाला खोली मिळते जेमतेम तीन सेंटिमीटर, त्यातली अर्धी पुढे आणि अर्धी मागे. कसा वाचेल डोळा? कडेचा पॉइंट निवडून थेट डोळ्यावर ठेवा, नाहीतर फ्रेम थोडी सैल घ्या आणि नंतर कापा.

डोळा आपोआप पकडणाऱ्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यावाल्यांनीही फार उडू नये. ती हिरवी चौकट पुष्कळदा बुबुळाऐवजी पापण्यांवर बसते आणि चष्मा असला तर काडीवर.

निवांत_पंचवटीकर

अवांतर: त्या हिरव्या चौकटीला एकदा दुतोंड्या मारुतीसमोर उभं करायला पाहिजे. कुठल्या तोंडाच्या कुठल्या डोळ्यावर बसते बघू.

सावळी

शार्पनेसचं पुरे. फोटो नीट बघा. डोळ्यांत उजेड नाहीये.

डोळ्यात खिडकीचा, आकाशाचा, दिव्याचा जो पांढरा ठिपका दिसतो त्याला कॅचलाइट म्हणतात हे इथे बहुतेकांना माहीत असेल. पण आपल्या लोकांना तो जास्त का लागतो हे मला कोणत्याच व्हिडिओत सापडलं नाही. ते सगळे निळ्या-घाऱ्या डोळ्यांवर शिकवतात. तसल्या डोळ्यांत कॅचलाइट नसला तरी मधली काळी बाहुली आणि भोवतीचा रंग वेगळे दिसतात, डोळा डोळ्यासारखा राहतो. आपल्या गडद तपकिरी डोळ्यांत उजेड नसला की बाहुली आणि बुबुळ एकच होतात. उरतो एक काळा बटण. शर्टाचा म्हणा हवं तर.

तपकिरी बाहेर काढायचा असेल तर उजेड एका बाजूने येऊ द्या. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, भिंगासारखा फुगीर असतो, त्यामुळे डावीकडून आलेला उजेड बुबुळाच्या उजव्या अर्ध्या भागात उतरतो आणि तिथे तो मधासारखा रंग दिसतो. खालून थोडा परत उजेड टाकला तर अजून छान. मी थर्माकोलचा तुकडा वापरते. एकदा मालेगावला लग्नात काहीच नव्हतं, तर वाढप्याकडून स्टीलची परात मागून घेतली. परात नुसती वापरू नका, फार टोचरा उजेड देते. वर पांढरा पंचा टाकला की काम झालं. नवरी म्हणाली, आता यात काय वाढणार?

काकांना तुम्ही वरच्या ट्यूबखाली बसवलंत. भुवईचं हाड पुढे आणि उजेड डोक्यावरून, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत अंधारच पडणार. भर दुपारी गंगेवर (आपल्या गोदाघाटावर) काढलेल्या फोटोंत असंच होतं.

गोदाकाठचा

@सावळी, पटतंय. पण दार उघडं होतं हो. बाहेर लख्ख ऊन. उजेड तोंडावर यायला हवा होता ना?

डार्करूम_काका

गोदाकाठचे, एक करा. तुमचा फोटो पुन्हा उघडा आणि फक्त डोळा मोठा करा. पापण्या नकोत, बुबुळ. काय दिसतं ते इथे लिहा.

गोदाकाठचा

उघडला. काळं आहे. दोन्ही कडांना दोन बारीक उभ्या पांढऱ्या रेषा आहेत, केसासारख्या. मध्ये काळा ठोकळा. वर ट्यूबची एक पुसट आडवी रेघ, पण ती पापणीने अर्धी खाल्लीय.

डार्करूम_काका

त्या दोन रेषा म्हणजे दाराच्या दोन कडा. मधला ठोकळा म्हणजे तुम्ही.

दार ही त्या दुकानातली एकमेव खिडकी, आणि तुम्ही ती अंगाने बुजवून उभे राहिलात. कॉर्निया म्हणजे साधारण आठ मिलिमीटर त्रिज्येचा फुगीर आरसा, त्यात समोरचं सगळं बारीक होऊन उमटतं. तुमच्या पोटाचा घेरही.

मी मेन रोडच्या आसपास एका स्टुडिओत १९७४ पासून होतो, आधी पोऱ्या म्हणून, मग रीटचर, म्हणजे फोटो हाताने दुरुस्त करणारा म्हणून. मालक नावाने सांगत नाही, ते आता नाहीत. आमच्याकडे पाचशे वॉटचे दिवे होते. गिऱ्हाईक घामाघूम व्हायचं. मालकांची एक सवय होती. दिवा लावला की स्वतः कॅमेऱ्यामागे जायच्या आधी ते गिऱ्हाइकाच्या अगदी समोर जाऊन उकिडवे बसायचे आणि त्याच्या डोळ्यांत बघायचे. तोंडाकडे नाही, डोळ्यांत. दिवा दोन्ही डोळ्यांत एकाच जागी, घड्याळात दहा वाजतात तिथे दिसला की उठायचे. मीटर नंतर.

आणि नाहीच आला ठिपका तर तो माझ्याकडे यायचा. निगेटिव्हवर मिडियम (पेन्सिल धरावी म्हणून लावायचं द्रव) चोळून बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या भरायच्या, हे रोजचं काम. डोळ्यातला ठिपका मात्र प्रिंटवर करायचा. ब्लेडच्या टोकाने इमल्शन, म्हणजे चित्राचा वरचा थर, हळूच खरवडलं की खालचा पांढरा कागद दिसतो. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान. श्वास रोखून. केसभर चुकलं तर माणूस तिरळा.

एकदा चुकलोच. जुन्या वस्तीतलं एक घर, आई गेलेली, हयातीतला एकच फोटो, तोही लग्नातल्या घोळक्यातला, डोळे मिटलेले. फ्लॅश पडला तेव्हा मिटले असतील. तेव्हाचा हा नेहमीचा धंदा होता: घोळक्यातून एक तोंड कॉपी करायचं, मोठं करायचं आणि "डोळे उघडून द्यायचे". मोठ्या लेकीचे डोळे आईसारखे आहेत म्हणून तिला समोर स्टुलावर बसवलं आणि तिचे बघून ब्रशने काढले. दोन दिवस गेले. शेवटी ठिपके दिले आणि फ्रेम करून पाठवली. हार घालून भिंतीवर गेली, मग लक्षात आलं: एका डोळ्यात ठिपका दहावर, दुसऱ्यात दोनवर. जणू दोन वेगळ्या खोल्यांत बसलीय.

बदलून देतो म्हणालो तर त्यांनी दिली नाही. ते घर अजून आहे, फोटोही आहे. मी गेलो की चहा देतात आणि सांगतात, "आई दोन्हीकडे लक्ष ठेवते."

सिन्नरची_सून

काका, काटा आला अंगावर. अजून लिहा ना.

शाडूमाती

काकांचं वाचून राहवलं नाही. आमचा गणपतीचा कारखाना आहे, मामांचा. सगळं रंगकाम झालं की मूर्ती ओळीने मांडून ठेवतात आणि मग आखणी. डोळे आखायला मामा सोडून कोणाला हात लावू देत नाहीत. पोरं सोंड रंगवतात, दागिने रंगवतात, शेला करतात. डोळे मात्र मामा. आधी वरची पापणी एका दमात, मग बुबुळाचा काळा, आणि अगदी शेवटी काळ्यात पांढऱ्याचा टिपका. तो टिपका देईपर्यंत मूर्ती सामान असते. उचलताना पोरं "हा सहा इंची घे, तो नऊ इंची घे" म्हणतात. टिपका पडल्यावर तीच पोरं "बाप्पा सरकव जरा" म्हणायला लागतात. कोणी शिकवलं नाही हे.

मामांना कॅचलाइट हा शब्द सांगितला. म्हणाले, तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव लागतं.

फिरस्ता

सगळं छान चाललंय, पण मी जरा विरजण घालतो.

डोळ्यांचं फार स्तोम माजलंय. २०१५ च्या सिंहस्थात मी चौदा दिवस घाटांवर होतो. माझ्याकडे साधूंचे शेकडो फोटो आहेत, सगळ्यांचे डोळे लालबुंद, थेट लेन्समध्ये, ठिपके जागच्या जागी. आता बघवत नाहीत. का, तर त्यांना कॅमेऱ्याची सवय आहे. लेन्स दिसली की ती नजर चढवतात, आणि आपण ती घेऊन घरी येतो. त्या चौदा दिवसांतला मला अजून आवडणारा एकच फोटो आहे: रामकुंडात कमरेएवढ्या पाण्यात एक म्हातारी अर्घ्य देतेय, डोळे गच्च मिटलेले, ओंजळीतून पाणी सांडतंय. आता २०२७ चा सिंहस्थ येतोय, पुन्हा सगळे तसेच डोळे काढणार.

आणि कोणीतरी त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं उदाहरण देईल म्हणून आधीच लिहितो. स्टीव्ह मॅक्करीने तो फोटो डिसेंबर १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढला, जून १९८५ मध्ये तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. सगळं जग त्या डोळ्यांवर भाळलं. तिचं नाव २००२ पर्यंत कोणाला माहीत नव्हतं, आणि सापडली तेव्हा ओळखही डोळ्यांवरून पटवली, बुबुळाची रचना ताडून. एवढे डोळे बघितले, पण माणसाचं नाव विचारायला सतरा वर्षं लागली.

सावळी

@फिरस्ता, नावाबद्दल शंभर टक्के सहमत. पण गोदाकाठच्यांनी नाव-गाव विचारलंय, चहाही प्यायलाय. त्यांना मिटलेले डोळे काढायला सांगून काय उपयोग? बघणाऱ्याची नजर आधी डोळ्यांवरच जाते. आल्फ्रेड यार्बस नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने साठच्या दशकात माणसं चेहऱ्याच्या चित्राकडे कसं बघतात ते नोंदवलं. नजर पुन्हा पुन्हा डोळे आणि ओठ यांच्याकडेच परत येत होती. मिटलेले डोळे चालतात, पण ते का मिटलेत ते कळलं पाहिजे. तुमच्या म्हातारीचं कळतं.

मिसळ_जास्त_तर्री

माझं अजून कान-डोळ्यावरच चाललंय आणि तुम्ही रशियात पोचलात.

सिन्नरची_सून

आमच्या बाळाचा प्रश्न विचारू का? आठ महिन्यांची आहे. सासूबाई काजळ घालतात (डॉक्टर डोळ्यांत नको म्हणतात, त्यावरून आधीच घरात वाद आहे, त्यात पडू नका). फोटोत डोळे मोठे दिसतात खरे, पण फ्लॅशने लाल येतात. आणि मी हाक मारली की ती माझ्याकडे बघते, फोनकडे नाही.

सावळी

फ्लॅश बंदच करा. तो लेन्सला खेटून असतो. उजेड सरळ बाहुलीतून आत जातो आणि आतल्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन परत येतो. अंधारात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात म्हणून जास्तच. सकाळी दारापासून हातभर आत, उजेडाकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही जमिनीवर पालथ्या पडा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्याने काढलेल्या पोरांच्या फोटोंत टाळूच जास्त येते.

आणि हाक तुम्ही मारू नका. सासूबाईंना तुमच्या डोक्याच्या मागे उभं करून त्यांना मारू द्या. काजळाचा वादही मिटेल कदाचित.

ऐनकवाला

मी उशिरा आलो, पण मुद्द्याचं कोणी बोललंच नाही. चष्मा का काढलात?

मी स्वतः सहा वर्षांचा होतो तेव्हापासून चष्मेवाला. माझ्या लग्नात फोटोग्राफरने चष्मा काढायला लावला. अल्बममध्ये मी एका मुलीशेजारी बसलेला कोणीतरी परका इसम आहे. चष्मा काढला की नाकावर दोन खड्डे दिसतात ते सोडा. मुख्य गोष्ट अशी की मला समोरचं धूसर दिसतं. तुम्ही म्हणता "इकडे बघा", पण इकडे म्हणजे कुठे? माझ्यापुढे एक काळसर ढग असतो, त्यात लेन्स कुठली आणि तुमचं नाक कुठलं? नजर टेकायला काहीच नसतं, मग ती तशीच हवेत लोंबकळत राहते. काकांच्या फोटोत नेमकं तेच झालंय. तुमच्या आईंना ते आजारी वाटले कारण ते बघत नाहीयेत, नुसते डोळे उघडे ठेवून बसलेत. ठिपका आला असता तरी ते बघत नसतेच.

चमक घालवायचे उपाय सोपे आहेत. उजेड बाजूला घ्या. हनुवटी किंचित खाली. काड्या कानावर जरा वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि ट्यूबची चमक जमिनीकडे जाते; समोरून कळतही नाही. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ट्यूब बंद करा!

डार्करूम_काका

ऐनकवाले, दंडवत. पन्नास वर्षांत मी हे असं कोणाला सांगितलं नव्हतं, पण आमचे मालक समोर उकिडवे बसायचे त्यातली निम्मी करामत हीच असावी. दिवा बघायला बसायचे खरे, पण गिऱ्हाइकाला तेवढ्या वेळात बघायला एक माणूस मिळायचा. ते उठून गेले तरी नजर तिथेच रेंगाळायची, आणि मालक शटर दाबायचे.

फिरस्ता

हे पटलं. माझ्या साधूंचं उत्तरही यातच आहे. ते लेन्सकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

एफ_अडीच

वाखुसा (वाचनखूण साठवली). गोदाकाठचे, परत जा राव.

गोदाकाठचा

जाऊन आलो! सगळं लिहितो, लांबलं तर समजून घ्या.

या वेळी ट्यूब बंद करायला सांगितली. काका म्हणाले, "बिल तू भरणार होतास का मागच्या वेळी?" त्यांना दाराकडे तोंड करून बसवलं, म्हणजे ते रोज बसतात तसंच; मीच मागच्या वेळी जरा तिरकं फिरवलं होतं. दाराच्या चौकटीत न थांबता आत शिरलो आणि डाव्या भिंतीला टेकून पाटावर बसलो. दार पूर्ण मोकळं. गल्लीत पलीकडच्या वाड्याची पिवळट भिंत आहे, तिच्यावर ऊन पडून सगळा उजेड आत येत होता. स्टुडिओत मऊ उजेडासाठी लावतात तो सॉफ्टबॉक्स, फुकटचा, म्हणजे हाच. चष्मा डोळ्यांवर. एफ ५.६, दोन मीटर, आयएसओ ३२००.

फोटो काढतोय म्हटलं की ते ताठ होतात. म्हणून म्हटलं, तो तांब्या झाला का बघा बरं. त्यांनी तांब्या उचलून छातीशी धरला, दाराकडे तिरका करून उजेडात फिरवला, एका डोळ्याने काठावरून बघितलं. पाच-सहा फोटो तिथेच झाले. मग गल्लीतून कोणीतरी "काय चाललंय?" असं ओरडून गेलं. काकांनी चष्म्यावरून वर बघितलं. तोंड उघडायच्या आत मी एक काढला.

मग एक प्रयोग केला. कॅमेरा डोळ्याला न लावता छातीशी धरला, स्क्रीन वर वळवली आणि त्यांच्याशी बोलत राहिलो. बंबाची गोष्ट पुन्हा काढली. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे लेन्सच्या हातभर वर. नियमाप्रमाणे चूक असेल. पण हसू आधी डोळ्यांच्या खालच्या पापणीत येतं, ओठांत नंतर, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. एरवी माझ्या तोंडासमोर कॅमेरा असतो.

घरी येऊन झूम. डाव्या डोळ्यात अख्खं दार आहे. चौकट, उंबरठा, मागे भिंतीचा पिवळा तुकडा, आणि सायकलवरून जाणाऱ्या माणसाचं अर्धं चाक. चष्म्याच्या काचेवर तेच दार पुन्हा एकदा, फिकट हिरवं. मी कुठेही नाही.

दोन्ही फोटोंच्या आठ बाय बाराच्या प्रिंट काढल्या, मागच्या वेळचा आणि गल्लीतल्याला उत्तर देतानाचा, आणि काल देऊन आलो. काकू बाहेर आल्या. पहिला हातात घेतला आणि म्हणाल्या, "हे कोण? मोठे भावजी का?" दुसरा बघितला. "आता ओरडणार आहेत कोणावर तरी."

काकांनी चष्मा वर सरकवला, प्रिंट दाराच्या उजेडात धरली, अगदी तांब्या धरतात तशी, आणि बराच वेळ बघत राहिले. मी वाट बघतोय, आता डोळ्यांबद्दल काही बोलतील. त्यांनी नखाने फोटोतल्या तांब्याच्या काठाखाली टेकवलं.

"इथे ठोका चुकलाय. तेव्हा दिसला नाही."

एफ_अडीच

८५ मिमी, एफ ५.६, दोन मीटर म्हणजे अठरा सेंटिमीटर खोली. तांब्या छातीशी होता ना? काठ शार्प येणारच.

गोदाकाठचा

आलाय. पहिल्यासारखा १.८ ला काढला असता तर वाचलो असतो. तांब्या परत ठोकायला घेतलाय त्यांनी, आणि मला शनिवारी बोलावलंय, झाला की नाही ते झूम करून बघायला.